चर बुजवला, आता पाणी कुठे जाणार?

या वेळच्या टपालात पाइपलाइनच्या चरांबद्दल आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याच्या खड्ड्यांबद्दल बरीच पत्रं आहेत. मी ती मुद्दाम एकत्र घेते आहे. आराखड्यात हे दोन विषय दोन वेगळ्या कागदांवर असतात आणि बहुधा दोन वेगळ्या माणसांनी काढलेले असतात. जमिनीत मात्र ते शेजारीशेजारी येतात, आणि दोघांचं भांडण निस्तरायला शेवटी माझ्यासारख्या भूतंत्र अभियंत्याला बोलावतात. तोवर वरची फरसबंदी बसवून झालेली असते.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या आवारात मैलावाहिनी नव्याने टाकली. चर दीड मीटर खोल होता. तो बुजवून वरून रोलर फिरवला आणि पेव्हर ब्लॉक बसवले. पहिल्याच पावसाळ्यात त्या रेषेवरचा अख्खा पट्टा चार बोटं खाली गेला. ठेकेदार म्हणतो, माती नैसर्गिकरीत्या बसतेच, पुढच्या वर्षी थांबेल. खरं आहे का?

माती बसते हे खरं. पण ती आपसूक बसली, याचा अर्थ तिला आधी कोणी बसवलं नव्हतं. हिशेब करून पाहा. चरातली माती कमाल घनतेच्या, म्हणजे चाचणीत ती जास्तीत जास्त जितकी घट्ट बसते त्याच्या, 85 टक्क्यांवर सैल पडलेली असेल आणि पाणी, वाहनं, काळ यांनी ती 95 टक्क्यांपर्यंत दाबली गेली, तर दीड मीटर भराव सुमारे 15 सेंटिमीटर खचतो. तुमचा पट्टा चार बोटं गेलाय. म्हणजे अजून बरंच शिल्लक असू शकतं.

वरून फिरवलेल्या रोलरचं म्हणाल, तर चरावर चालणाऱ्या छोट्या रोलरची किंवा प्लेट कॉम्पॅक्टरची दबाई वरच्या वीतभर मातीपर्यंतच पोचते. त्याखालच्या सव्वा मीटरला रोलर येऊन गेल्याची खबरही नसते. म्हणून भराव थरांनी घालायचा. सैल माती पसरल्यावर थर 15 ते 20 सेंटिमीटरचा असावा, हातातल्या यंत्राने दाबणार असाल तर 15 च्या जवळपास. एक थर दाबून झाला की मगच पुढचा. दीड मीटरच्या चरात हे आठ-दहा वेळा करावं लागतं, आणि नेमकं तेच कोणाला नको असतं.

आता पावसाळ्यातच का खचलं? खणताना निघालेली चिकणमाती उन्हात वाळली की तिची ढेकळं होतात. ती तशीच चरात लोटली की ढेकळांमध्ये मोठ्या फटी राहतात. कोरडी ढेकळं कडक असतात, भार पेलतात, भराव छान भरल्यासारखा दिसतो. पाणी शिरलं की ती मऊ होऊन फटींत कोसळतात. त्यात राडारोडा आणि मोठे दगड असतील तर बारीक माती पाण्याबरोबर दगडांमधल्या पोकळीत वाहून जाते. म्हणून पंजाएवढी ढेकळं फोडल्याशिवाय चरात जाऊ द्यायची नाहीत.

थराची दबाई किती हवी, हे ठरवायची पद्धत जुनी आहे. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा विभागात मातीच्या धरणांवर काम करणाऱ्या राल्फ प्रॉक्टर यांनी 1933 साली ती प्रसिद्ध केली. सुमारे लिटरभर मापाच्या साच्यात माती तीन थरांत घालायची, प्रत्येक थरावर अडीच किलोचा हातोडा 30 सेंटिमीटरवरून 25 वेळा सोडायचा. ओलावा बदलत जाऊन हे पुन्हापुन्हा केलं की दिसतं, की एका ठरावीक ओलाव्याला माती सर्वांत घट्ट बसते. त्याहून कोरडी असेल तर कण एकमेकांवर घसरत नाहीत. जास्त ओली असेल तर पोकळीतलं पाणीच दबायला नकार देतं. ठेकेदाराने टँकर भरून पाणी मारलं म्हणजे काम चांगलं झालं, असं नसतं. ओलावा त्या ठरावीक आकड्याच्या दोन टक्के अलीकडे-पलीकडे असला की पुरे.

एक बारीक गोष्ट, जी निविदांमध्ये सर्रास सुटते. '95 टक्के दबाई' एवढंच लिहिणं अपुरं आहे. प्रॉक्टरची साधी चाचणी आहे आणि सुधारित चाचणीही आहे. सुधारित चाचणीत साडेचार किलोचा हातोडा 45 सेंटिमीटरवरून पाच थरांवर पडतो आणि मातीला सुमारे साडेचार पट ऊर्जा मिळते. त्यामुळे साध्या चाचणीचे 95 टक्के आणि सुधारित चाचणीचे 95 टक्के ही दोन वेगळी कामं आहेत. कुठली चाचणी, ते कागदावर लिहून घ्या. हिरवळीखालच्या चराला साध्या चाचणीचे 90 टक्के चालून जातात; वाहनं जाणार असतील तर वरच्या अर्ध्या मीटरला सुधारित चाचणीचे 95 मागावेत.

आता तुमच्या आवाराचं. पुढच्या वर्षाची वाट पाहण्याआधी खचण्याचा आकार नीट पाहा. पट्टा सगळीकडे सारखा बसला असेल तर दोष दबाईचा. पण चेंबरजवळ किंवा पाइपच्या एखाद्या सांध्यावर बशीसारखा खोलगट गोल दिसत असेल, तर माती फुटलेल्या सांध्यातून पाइपात वाहून जात असण्याची शक्यता आहे, आणि ते कुठल्याही वर्षी थांबणार नाही. चेंबरचं झाकण उघडून आत गाळ आणि रेती साचलीये का ते बघा. गाळ नसेल तर दोन ठिकाणी ब्लॉक काढून, खणत जात, दर अर्ध्या मीटरला कोअर कटरने (मातीत ठोकून नमुना काढायच्या नळीने) किंवा खड्ड्यात वाळू भरून घनता मोजायला सांगा. आकडे 90 च्या खाली आले, तर पाइपच्या माथ्यावर 30 सेंटिमीटरपर्यंत उकरून पुन्हा थरांनी भरणं हाच इलाज. ब्लॉकखाली नुसती खडीची भुकटी घालून पातळी आणली की पुढच्या पावसाळ्यात तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल.

आणि हो, मोजणीसाठी कोणालाही उभ्या कडांच्या चरात तसंच उतरवू नका. एक घनमीटर माती पावणेदोन-दोन टन भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोकं बाहेर असूनही गुदमरतो. माणूस उतरणार असेल तर कडांना उतार द्या किंवा आधाराच्या फळ्या लावा, बाहेर पडायला शिडी ठेवा आणि उकरलेल्या मातीचा ढीग काठापासून किमान मीटरभर मागे घ्या.

प्रश्न : पाइपच्या अगदी भोवती मुरूम चालतो की रेतीच लागते?

मुरूम बारीक आणि बिनखड्यांचा असेल तर चालतो. महत्त्वाचं काय, तर पाइपच्या पोटाखालच्या दोन्ही कुशी भरल्या गेल्या पाहिजेत. तिथे यंत्र पोचत नाही. फावड्याच्या दांड्याने किंवा लहान धुम्मसने माती आत ठासावी लागते. खाली 10 ते 15 सेंटिमीटर गादी, मग दोन्ही बाजूंना सारखे थर, नाहीतर पाइप एका अंगाला सरकतो. माथ्यावर 30 सेंटिमीटर भराव होईपर्यंत पाइपच्या बरोबर वर यंत्र चालवू नये, आणि जड यंत्र मीटरभर भराव झाल्याशिवाय नाही. प्लास्टिकचा पाइप वरचा भार स्वतः पेलत नाही; तो थोडा चपटतो आणि बाजूची माती त्याला धरून ठेवते. बाजूची माती सैल असेल तर कितीही महागाचा पाइप अंडाकृती होतो.

प्रश्न : आमच्याकडे चर भरून त्यात पाणी सोडतात. रात्रीतून माती बसते, यंत्राचं भाडं वाचतं. यात चूक काय?

स्वच्छ, जाड रेती असेल आणि खालून पाणी निघून जायला वाट असेल, तर फारशी चूक नाही, थोडाफार उपयोगही होतो. चिकणमातीत मात्र तुम्ही चिखलाचा हौद बनवता. वर साय धरते, खाली महिनोन्महिने लगदा राहतो.

शिवाय पाइप तरंगतो. बाहेरून 30 सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही तोंडं बंद असलेला रिकामा पाइप पाण्यात पूर्ण बुडाला, तर दर मीटर लांबीला सुमारे 70 किलोचं बळ त्याला वर ढकलतं. प्लास्टिकच्या पाइपचं स्वतःचं वजन त्यापुढे काहीच नाही. सकाळी पाइपचा उतार बिघडलेला असतो आणि तो मातीखाली असल्यामुळे कोणाला दिसत नाही.

यंत्र न वापरता चर भरायचा असेल तर सिमेंट, रेती, राख आणि भरपूर पाण्याचं ओतीव मिश्रण हा चांगला पर्याय आहे. अरुंद चरात, जिथे माणूस आणि यंत्र दोन्ही मावत नाहीत, तिथे मी तेच सुचवते. त्याची ताकद मुद्दाम कमी ठेवायची: 2 मेगापास्कलच्या वर गेली की पुढे दुरुस्तीसाठी खणताना यंत्राचीही दमछाक होते, आणि हाताने खणता यावं असं वाटत असेल तर 0.3 च्या आसपास. हे मिश्रण पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असल्यामुळे पाइपला वर ढकलणारं बळही तितकंच वाढतं. एका दमात ओतू नका. पाइप बांधून घ्या आणि पहिला थर धरल्यावर दुसरा ओता.

प्रश्न : शंभर चौरस मीटर छताचं पाणी शोषखड्ड्यात सोडायचं आहे. चाचणीसाठी 30 सेंटिमीटर रुंदीचा गोल खड्डा खणून त्यात 30 सेंटिमीटर पाणी भरलं. वीस मिनिटांत ते निम्म्यावर आलं. म्हणजे ताशी 45 सेंटिमीटर! मग लहानसा खड्डा पुरेल ना?

चाचणी केलीत हेच मोठं. बहुतेक जण करत नाहीत. पण तुमच्या आकड्यातून तीन गोष्टी वजा करायला हव्यात.

पाणी फक्त तळातून गेलं नाही. तुमच्या खड्ड्यात पाण्याची सरासरी खोली साडेबावीस सेंटिमीटर धरली, तर ओल्या भिंतींचं क्षेत्रफळ तळाच्या तिप्पट होतं. पाणी चौपट क्षेत्रातून मुरत होतं. म्हणून जमिनीचा खरा वेग ताशी 45 भागिले 4, साधारण 11 सेंटिमीटर. लहान खड्ड्यातली पातळी किती भराभर उतरते आणि जमीन दर चौरस मीटरला किती पाणी घेते, या दोन आकड्यांची गल्लत इतकी नेहमीची आहे, की अहवालात नुसता 'मुरण्याचा वेग' दिसला की मी आधी कुठला ते विचारते.

दुसरं, जमीन कोरडी होती. कोरडी माती पहिलं पाणी ओढून घेते. पावसाळ्यात तुमचा खड्डा कोरडा नसणार. म्हणून तोच खड्डा आदल्या दिवशी भिजवून ठेवा, मग लागोपाठ तीन वेळा भरा आणि तिसऱ्या वेळचा आकडा धरा. समजा तिसऱ्यांदा तेच 15 सेंटिमीटर उतरायला दीड तास लागला. म्हणजे पातळी ताशी 100 मिलिमीटर उतरली, चाराने भागून जमिनीचा वेग 25 मिलिमीटर.

तिसरं, खड्डा म्हातारा होतो. छतावरची धूळ, पानं, पक्ष्यांची विष्ठा तळाशी जाऊन बसते आणि दरसाल वेग कमी होतो. त्यासाठी किमान दोनाने, गाळ जास्त येत असेल तर तिनाने भागायचं. आपण अडीचने भागू: उरले ताशी 10 मिलिमीटर. साडेचारशेवरून आपण दहावर आलो.

आता आकार. 50 मिलिमीटर पाऊस शंभर चौरस मीटरवर पडला की 5,000 लिटर पाणी येतं. खड्डा एकसारख्या मोठ्या खडीने भरला तर पोकळी सुमारे 40 टक्के. म्हणजे साडेबारा घनमीटर खड्डा हवा: तळ 8 चौरस मीटर आणि खोली दीड मीटरहून किंचित जास्त. तळातून ताशी 80 लिटर जाणार, म्हणून पूर्ण रिकामा व्हायला साधारण 62 तास. दोन-तीन दिवसांत खड्डा रिकामा व्हावा असा रिवाज आहे, त्यात हे कसंबसं बसतं. भिंतींतून थोडं जास्त जाईल. ते मी हिशेबात धरत नाही, राखून ठेवते. पण दुसऱ्या दिवशीही तसाच पाऊस आला तर? म्हणून खड्ड्याला वरून बाहेर पडणारा पाइप हवाच, आणि तो कुठे जातो हे खणायच्या आधी ठरलेलं हवं. ते ठरलेलं नसेल तर तुमचं जास्तीचं पाणी कुठे जाईल ते शेजारी ठरवतील.

सगळ्याच जमिनी इतक्या उदार नसतात. फ्रेंच अभियंता आंरी दार्सी यांनी 1856 साली फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या ग्रंथात रेतीतून पाणी वाहण्याचा नियम मांडला. त्या नियमातला पारगम्यतेचा, म्हणजे मातीतून पाणी किती सहज जातं त्याचा, आकडा रेती आणि चिकणमातीत लाखपटींनी बदलतो. बऱ्यापैकी स्वच्छ रेतीतून, नुसत्या गुरुत्वाकर्षणाने, पाणी ताशी 36 सेंटिमीटर खाली जाऊ शकतं. घट्ट, भेगा नसलेल्या चिकणमातीत तो वेग वर्षाला तीन सेंटिमीटर इतकाही असू शकतो. तिथे शोषखड्डा म्हणजे नुसती टाकी. चाचणीत 24 तासांनी पाणी जागेवरच असेल तर मुरवण्याचा हट्ट सोडा. साठवून वापरा किंवा हळूहळू बाहेर सोडा.

जागेबद्दल थोडक्यात. चाचणी खड्ड्याच्या नियोजित जागी आणि नियोजित तळाच्या पातळीवर करा, वरच्या भुसभुशीत मातीत नको. तळ भर पावसाळ्यातल्या भूजलपातळीपेक्षा किमान मीटरभर वर असावा. इमारतीपासून पाच मीटर दूर. फुगणारी काळी माती असेल तर त्याहून दूर, कारण पायाच्या एका कोपऱ्याखालची माती भिजून फुगली आणि दुसऱ्याखालची कोरडीच राहिली की भिंतींना तिरप्या भेगा जातात. उताराच्या माथ्यावर किंवा राखण भिंतीमागे पाणी मुरवू नये, तिथे पाण्याचा दाब मातीचाच आधार काढून घेतो. आणि भरावाच्या जमिनीत तर नकोच: नीट न दाबलेला भराव भिजला की बसतो, तुमच्याच खड्ड्याने तुमचं अंगण खचतं.

चिकण जमिनीत जेसीबीच्या बकेटने तळ गुळगुळीत लिंपला जातो, तो शेवटी हाताने खरवडून घ्या. बांधकामाचं गढूळ पाणी नव्या खड्ड्यात एकदाही जाऊ देऊ नका. आधी गाळ बसणारं चेंबर बांधा. खड्डा साफ करता येत नाही, चेंबर येतं.

प्रश्न : तळघरात, जिथे पाइप भिंतीतून आत येतो तिथे, पावसाळ्यात पाणी झिरपतं. प्लंबरने पाइप तपासला, तो गळत नाही. शोषखड्डा इमारतीपासून बारा मीटर लांब आहे, त्यामुळे त्याचा संबंध नसावा. मग पाणी येतं कुठून?

पाइपच्या बाहेरून. पाइप ज्या खडीच्या गादीवर निजलाय, त्या गादीतून. भोवती चिकणमाती आणि मध्ये खडीचा सलग पट्टा, तोही इमारतीकडे उतरता. पाण्याला याहून सोयीचा रस्ता नाही. दार्सीच्या नियमानेच पाहा: गादी 60 सेंटिमीटर रुंद, 30 जाड, स्वच्छ खडीची, उतार शंभराला एक. एवढ्यातून दिवसाला साधारण दीड हजार लिटर पाणी येऊ शकतं, पाइपला केसाएवढी चीर नसताना.

तुमचा शोषखड्डा भिंतीपासून बारा मीटर लांब आहे. या चरापासून किती? चर खड्ड्याजवळून जात असेल तर ते बारा मीटर फक्त कागदावर आहेत. आराखडे तपासताना मी आधी सगळे चर एका रंगाने गिरवते आणि मग मुरवण्याचे खड्डे त्यांच्यापासून किती दूर आहेत ते मोजते. विजेच्या आणि केबलच्या चरांनाही हे लागू आहे. त्यात पाणी नसतं म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

इलाज म्हणजे चरात बूच. भिंतीला लागून बाहेरच्या बाजूला सुमारे दीड मीटर लांबीत खडी पूर्ण काढून टाका आणि त्या जागी, पाइपच्या खाली, बाजूला आणि वर, चिकणमाती ठासा किंवा आधी सांगितलेलं ओतीव मिश्रण भरा. बूच चराच्या भिंतींत आणि तळात वीतभर खुपसलेलं असावं, नाहीतर पाणी कडेने वळसा घालतं. चिकणमाती इथे ठरावीक ओलाव्यापेक्षा किंचित ओली दाबायची. अशी माती पाणी जास्त चांगलं अडवते. भिंतीतल्या भोकाची सील वेगळी करा, पण फक्त ती करून थांबू नका, मागे पाणी दाब धरून उभंच राहील. आणि बुचामागे अडलेल्या पाण्यालाही वाट हवी: तिथून छिद्रांचा पाइप काढून खालच्या नाल्याकडे न्या. तीव्र उतारावरच्या लांब चरात अशी बुचं ठरावीक अंतरावर घालावीत, नाहीतर वाहतं पाणी गादीतली बारीक माती उचलून नेतं.

प्रश्न : पार्किंगमध्ये पाणी मुरणारी फरसबंदी करतोय. खालूनच पाण्याचे आणि विजेचे चर जातात. भराव 95 टक्के दाबा, असं एका सल्लागाराने लिहिलंय आणि जमीन मोकळी ठेवा, असं दुसऱ्याने. कोणाचं ऐकू?

दोघांचं, पण वेगवेगळ्या जागी. दाबलेल्या चिकणमातीतून पाणी जात नाही आणि मोकळ्या मातीवर चाक टिकत नाही. एका मातीकडून दोन्ही मागता येत नाही. चरांच्या पट्ट्यात दबाई पूर्ण करा आणि त्यावर न झिरपणारा प्लास्टिकचा कागद अंथरून पाणी बाजूला वळवा. उरलेल्या जागेत मूळ जमिनीवर यंत्रं कमीत कमी फिरवा आणि ताकद खडीच्या जाड थरातून मिळवा: एकसारख्या आकाराची, कोनदार खडी एकमेकांत अडकून भार घेते आणि पोकळीही राखते. गोल गोटे नकोत, ते चाकाखाली सरकतात.

प्रश्न : जुन्या घराच्या पायालगत नवा चर खणायचा आहे. किती जवळ चालेल?

पायाच्या तळाच्या बाहेरच्या कडेवरून खाली 45 अंशांची तिरपी रेषा काढा. चराचा तळ त्या रेषेच्या वर राहिला पाहिजे. म्हणजे चर पायापेक्षा अर्धा मीटर खोल असेल तर किमान अर्धा मीटर दूर; माती सैल किंवा ओली असेल तर त्याच्या दुप्पट. जागा नसेल तर एका वेळी मीटर-दीड मीटरचाच तुकडा खणा, पाइप टाका, त्याच दिवशी ओतीव मिश्रणाने भरा आणि ते धरल्यावर पुढचा तुकडा घ्या. काम पावसाळ्याआधी उरका, आणि सुरू करण्यापूर्वी भिंतींवरच्या जुन्या भेगांचे तारखेसह फोटो काढून ठेवा.